दगडापाशी नऊ बोटं

वर्ष संपायला तेरा दिवस उरले की जिल्हा कचेरीला रस्त्यांची आठवण होते. साडेअकरा महिने कागदावर घोरत पडलेली तरतूद खडबडून जागी होते, कारण वर्षअखेरीला खर्च न झालेला पैसा वर परत जातो, आणि एकदा परत गेला की पुढच्या अंदाजपत्रकात तेवढाच मागायला कचेरीला तोंड राहत नाही. मग ऊन बघायचं नाही, वारा बघायचा नाही. खडी ओता, रोलर फिरवा, पुढे सरका.

टोळीत चाळीस माणसं होती. त्यांची मुकादमीण अंगानं दांडगी, आणि आवाज असा की रोलरच्या धडधडीवरूनही पोचायचा. रस्त्याच्या कडेला दर दोनशे पावलांवर गुडघाभर उंचीचा नंबराचा दगड पुरलेला होता. काम करत करत टोळी दगडाजवळ आली की मुकादमीण ओरडायची, "दगड आला गं! वाढा पोटभर!" मग दगडाच्या अलीकडे-पलीकडे दहा-दहा पावलं खडीचा थर पुरा नऊ बोटं पडायचा, कागदात लिहिला होता तेवढा. दगड मागे पडला की ती पुन्हा ओरडायची, "झालं जेवण. आता उपास!" आणि पुढच्या दगडापर्यंत थर चार बोटांवर यायचा. टोळी हसायची. हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, पण दिवसभर टोपल्या वाहणाऱ्यांना हसायला काहीतरी लागतंच.

टेपवालीण तेवढी हसायची नाही. तिचा नवरा अकरा वर्षं याच खात्यात टेपवाला होता. ओव्हरसियर आकडा सांगायचा, हा टेप धरायचा, मोजवहीत नोंद झाली की खाली सही करायचा. मागच्या वर्षी पलीकडचा रस्ता एका पावसात उखडला, लोक कचेरीवर गेले, चौकशी लागली. ओव्हरसियरनं अहवालात लिहिलं की टेपवाल्यानं खडी परस्पर विकली. टेपवाल्याची नोकरी गेली. तेव्हापासून गावात त्याला खडीखाऊ म्हणतात, आणि हिला खडीखाऊची. दुसरं काम मिळालं नाही म्हणून ती याच खात्याच्या रस्त्यावर टोपली उचलत होती, याच ओव्हरसियरच्या हाताखाली.

त्या दुपारी ओव्हरसियर मोटारसायकलवरून उतरला तो तिलाच शोधत.

"खडीखाऊची कुठाय? टोपली ठेव खाली. डबा उघड."

"साहेब, जेवणाचा डबा आहे तो."

"म्हणून तर. नवऱ्यानं गाड्या भरभरून नेल्या, तू डब्यातून नेत असशील. थेंबे थेंबे का होईना."

तिनं डबा उघडला. त्यानं आत डोकावून बघितलं, मान हलवली आणि झाडाकडे निघाला. तिथे फांदीला झोळी बांधली होती. झोळीत तिची दहा महिन्यांची मुलगी जागी होती आणि स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. ओव्हरसियरनं खिशातलं पेन काढून त्याच्या टोकानं तिच्या अंगावरचं फडकं उचललं. खाली बघितलं, पाठीखाली बघितलं. मुलीला वाटलं खेळ चाललाय. तिनं पेन धरलं आणि सोडेना.

"बघा, बघा!" तो टोळीकडे वळून म्हणाला. "हिचाही हात चालायला लागला!"

टोळी हसली. काहीजण हसायचं म्हणून हसले, काहीजणांना खरोखरच हसू आलं. टेपवालीण झोळीपाशी गेली, मुलीची बोटं एकेक करून सोडवली, पेन आपल्या बाहीला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"पुसलंस का गं?" त्यानं विचारलं.

"लाळ लागली होती, साहेब."

"हं. परवा समिती येतेय, पाहणीला. उद्या सगळे दगड चुन्यानं रंगवून ठेव. तुला हलकं काम देतोय, लेकरू आहे म्हणून. नाही तर म्हणशील साहेबाला दयामाया नाही."

ती टोपलीकडे वळली.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. नवरा दारातच होता. त्यानं मुलगी हातात घेतली, तिच्या केसांतली धूळ फुंकली, मग तिला चटईवर आडवी करून वितीनं मोजायला लागला. मोजायची सवय सुटली नव्हती. दर आठवड्याला मोजायचा.

"साडेतीन वीत आणि वर एक बोट," तो मुलीला म्हणाला. "वाढलीस की गं, बये."

"पेनानं उचकटून बघितलं आज तिला," टेपवालीण हातपाय धुताधुता म्हणाली. "खडी लपवलीय का म्हणून."

त्याची वीत मुलीच्या पोटावर तशीच थांबली. सासूबाई आत भांडी लावत होत्या, त्या तिथूनच बोलल्या, "हा काय बोलणार? याच्या तोंडात खडी भरलीय. लोक उगाच खडीखाऊ म्हणत नाहीत."

"आई, पुरे."

"माझं पुरे, पण तुझं चालू कधी होणार?"

टेपवालिणीला मागच्या वर्षीची सभा आठवली. दर वर्षी नवं अंदाजपत्रक मांडायच्या आधी जुन्या वसुलीची यादी वाचतात, कुणी सरकारचं काय बुडवलं ते. सभागृह भरलेलं होतं. कुणाला विहीर हवी होती, कुणाला शाळेवर छप्पर, आपापले अर्ज घेऊन लोक बाकांवर खेटून बसले होते. कारकुनानं तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं, बापाच्या नावासकट, गावासकट. वर, "खडीची अफरातफर" असंही वाचलं, सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं. माणसं वळून वळून बघत होती. ती सात महिन्यांची गरोदर होती, तिला बाकावरून धड उठताही येईना. वसुली पुरी होईपर्यंत ते नाव दर वर्षी वाचलं जाणार होतं. आणखी दहा दिवसांनी पुन्हा.

तिला आता एकच हवं होतं. त्या सभागृहात ओव्हरसियरचं नाव वाचलं जावं. बापाच्या नावासकट, गावासकट. आणि तो तिथे बसलेला असावा.

"समिती खणून बघते ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मग चार बोटं सापडत कशी नाहीत?"

"दगडापाशीच खणतात. मोजवहीत नोंदी दगडाच्या नंबरावर असतात, म्हणून पडताळणीही तिथेच. नियम आहे तसा."

"आणि दगडापाशी नऊ बोटं. चांगलं डोकं चालवलंय मेल्यानं."

मुलीनं नवऱ्याचं नाक धरलं होतं, ते त्यानं सोडवलंही नाही.

"त्याचं डोकं नाही ते," तो म्हणाला. "माझं."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"पाच वर्षं झाली. वर्षअखेर होती, खडी निम्मीच आली होती. काम पुरं दाखवलं नसतं तर सगळी तरतूद परत गेली असती, रस्ता झालाच नसता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा, खोटं नाही सांगत. मी म्हटलं, साहेब, मोजतात तिथे पुरी टाकू, मधलं पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून भरून काढू. पुढच्या वर्षी खडी पुरी आली." तो थांबला. "म्हणजे कागदावर आली. मधलं कुणी भरलं नाही. त्यानं मला सांगितलं, बोललास तर सही तुझी आहे."

टेपवालीण उठली आणि त्याच्या हातातून मुलगी काढून घेतली. रागानं काढून घेतली, पण मुलीला ते कळू नये इतक्या हळू.

"वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही भित्रे आहात," ती म्हणाली.

"मग आता काय वाटतं?"

"आता मुलीला झोपवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुन्याची बादली, कुंचला, पहार आणि फावडं घेतलं, मुलगी पाठीला बांधली आणि पहिल्या दगडापाशी गेली. टोळी पार दुसऱ्या टोकाला कडा बसवत होती. रस्ता सपाट माळावरून सरळ गेलेला, ना वळण, ना घर. जिथे बघावं तिथे सारखंच. दगड होते म्हणून माणसाला कळायचं की आपण कुठे आहोत.

पहिला दगड पुलाच्या कठड्यात सिमेंटनं बसवलेला होता. तो फक्त रंगवला. दुसऱ्यापाशी आली तेव्हा तिनं पुढेमागे बघितलं, पहार दगडाच्या बुडाशी घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. दगड कुरकुरला, सैल झाला. तिनं तो उपसून पोटाशी धरला. पोट पुढे काढून, गुडघ्यांत वाकून, बाळंतपणाच्या आदल्या महिन्यात चालायची तशी ती चाळीस पावलं चालली. पाठीवर मुलगी, पोटावर दगड. पाठीवरची तिच्या मानेला तोंड लावून काहीतरी बडबडत होती.

"हो गं बये," ती धापा टाकत म्हणायची, "चाललोय आपण, चाललोय."

नवा खड्डा खणायचा, दगड उभा करायचा, बुडाशी माती ठोकायची, जुना खड्डा बुजवायचा, त्यावर धूळ पसरायची, आणि मग चुना. तिसऱ्या दगडाला हाताचं कातडं सोललं. चुना त्यात गेला तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले. मोठ्यानं ओरडता येत नव्हतं, म्हणून तिनं ओव्हरसियरला शिव्या दिल्या, हळू आवाजात, त्याच्या सात पिढ्या मोजून. शिव्यांनी बरं वाटलं. पाचव्या दगडापर्यंत त्यांना ताल आला.

दुपारच्या सुट्टीत टोळी सावलीला गेली आणि ती सातव्याचा खड्डा बुजवत होती, तेव्हा मागून सावली पडली. मुकादमीण पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिनं बुजवलेल्या खड्ड्याकडे बघितलं, चाळीस पावलांवर चमकणाऱ्या दगडाकडे बघितलं, मग टेपवालिणीच्या हातांकडे.

"काय करतेस?"

"चुना लावतेय, मावशी."

मुकादमिणीनं भांडं तिच्या पुढे धरलं. ती पाणी पिऊन होईपर्यंत थांबली. मग भांडं उलटं करून झटकलं.

"लाव. आणि माती नीट ठोक, दगड डगमगतोय तुझा."

दिवस मावळायला दहा दगड हलले होते. शेवटचा गावाच्या वेशीवर होता, लोकांच्या डोळ्यांसमोर, म्हणून तो तिनं तसाच ठेवला.

समिती दोन गाड्यांतून आली. अध्यक्ष उन्हानं आधीच वैतागलेले, बरोबर दोन सदस्य आणि एक बारीकशी तपासनीस बाई, हातात लोखंडी पट्टी. टोळीला रस्त्याच्या कडेनं ओळीत उभं केलं होतं. ओव्हरसियरचा आवाज आज साखरेत घोळलेला होता.

"अध्यक्षसाहेब, आपण म्हणाल तो दगड. आमचं काही लपवाछपवीचं नाही. सांगा नंबर."

"एक," अध्यक्ष म्हणाले.

टेपवालिणीनं पाठीवरची मुलगी वर सरकवली. पुलाचा दगड. तिलाच खणायला सांगितलं. तिनं कुदळ मारली, खड्डा साफ केला, तपासनीस बाईंनी वाकून पट्टी लावली. नऊ बोटं, वर थोडं जास्तच.

"उत्तम काम," अध्यक्ष म्हणाले आणि गाडीकडे बघितलं. "झालं ना?"

"तीन खड्डे लागतात, साहेब," तपासनीस बाई म्हणाल्या. "तरच मला शेरा लिहिता येतो."

"बरं. मग... सात."

गाड्या सातव्या दगडापाशी गेल्या, टोळी मागून चालत आली. ओव्हरसियर दगडाला टेकून उभा राहिला, चुना कपड्यांना लागेल म्हणून पुन्हा सरळ झाला. तिनं कुदळ उचलली. तिसऱ्या घावाला खाली माती लागली. आवाजच वेगळा आला, खडीचा खणखणीत नाही, मातीचा बसका.

तपासनीस बाईंनी पट्टी लावली. पुन्हा लावली. खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला लावली.

"चार."

"चार कसं?" ओव्हरसियर पुढे झाला. "सात नंबर ना हा? सातला तर..."

तो थांबला. त्यानं रस्त्याच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या टोकाकडे. मग दगडाकडे. दगडाच्या बुडाशी माती ताजी होती. त्याचे डोळे तिथून सावकाश वर येत येत टेपवालिणीच्या सोललेल्या हातांवर थांबले.

ती त्याच्याकडे बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा, सरळ, पापणी न लववता. बोल की, ती मनात म्हणत होती. सांग यांना, दगड हलवलाय म्हणून. सांग की जाड जागा तिकडे आहे. तोंड उघड. नवऱ्याच्या गळ्यात वर्षभर अडकलेलं ते आता याच्या गळ्यात जाऊन बसलं होतं. तिला वाटलं, हा क्षण संपूच नये.

पण माणूस मुरलेला होता.

"साहेब, आता लक्षात आलं," तो म्हणाला, आणि आवाजात पुन्हा साखर आली. "मी तीन रस्ते सांभाळतो. खडी टोळीच्या ताब्यात असते. ही मुकादमीण! हिनं विकलीय मधल्यामध्ये. मागच्या वर्षी टेपवाल्यानं, यंदा हिनं. ही माणसंच अशी."

मुकादमिणीचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी त्रासून हात हलवला. "लिहून घ्या मग. हिच्यावर वसुली काढा." सदस्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

मुकादमीण एका शब्दात सुटली असती. टेपवालीण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ती दांडगी बाई ओठ मिटून उभी होती, रोलरवरून ओरडणारा तो आवाज कुठे गिळला होता कुणास ठाऊक, आणि तिनं मान वळवून टेपवालिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

हे टेपवालिणीच्या हिशेबात नव्हतं. दहा दगड हलवताना तिनं ओव्हरसियर किती खाली पडेल ते बघितलं होतं, तो कुणाच्या अंगावर पडेल ते बघितलं नव्हतं.

तिनं कुदळ खांद्यावर टाकली आणि चालायला लागली. मोठ्यानं पावलं मोजत.

"एक, दोन, तीन..."

"ए! कुठे चाललीस?" ओव्हरसियर ओरडला.

"...अकरा, बारा..."

"साहेब, या बाईचं डोकं फिरलंय. हिला अडवा कुणीतरी."

तपासनीस बाई तिच्या मागून निघाल्या होत्या, पट्टी हातात घेऊन. चाळिसाव्या पावलाला टेपवालीण थांबली, दोन्ही पाय रोवले आणि कुदळ घातली. खडी. पुन्हा खडी. खाली खाली नुसती खडी. तिनं हातानं खड्डा साफ केला आणि बाजूला झाली.

"नऊ," तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "तुला कसं माहीत?"

"दगड इथे होता. काल मी तिकडे सरकवला. दहा दगड सरकवलेत. प्रत्येकाच्या मागे चाळीस पावलं मोजा आणि खणा, सगळीकडे नऊ निघतील. मधे कुठेही खणा, चार निघतील. बाई, खडी विकणारा माणूस नेमकं तुमच्या दगडापाशी नऊ बोटं कशाला सोडेल? खणणार कुठे, हे ज्याला माहीत आहे त्यानंच हे केलंय. मावशीला तुमची मोजवही वाचता येत नाही."

अध्यक्ष ऊन विसरले होते. ओव्हरसियर घामानं निथळत पुढे आला.

"विचारा! विचारा हिला, ही युक्ती कुणाची! हिच्या नवऱ्याची आहे. मोजवहीत चार वर्षं त्याच्या सह्या आहेत. मी अडकलो तर तोही अडकेल!"

म्हणजे बोलला. चाळीस माणसं, दोन सदस्य आणि अध्यक्षांसमोर, त्याच्याच तोंडानं. तपासनीस बाईंनी वही उघडली.

"खरं आहे का हे?" त्यांनी टेपवालिणीला विचारलं.

"खरं आहे. पहिल्या वर्षी त्यांनीच सुचवलं. का सुचवलं ते त्यांना विचारा, मी आणते त्यांना. येतील."

"जबाब दिला तर त्याचंही नाव यादीत येईल. कळतंय ना तुला?"

"ते आधीच आहे, बाई. एकटं आहे." तिनं ओव्हरसियरकडे बोट केलं. "यांचं वर लिहा. बापाच्या नावासकट, गावासकट."

बाईंनी लिहिलं. मग अध्यक्षांना म्हणाल्या, "पंचनाम्याला आणखी एक खड्डा लागेल. आणि बिल थांबवावं लागेल, चौकशी होईपर्यंत."

टोळीत कुजबुज झाली. बिल थांबलं म्हणजे सगळ्या कामाची मजुरी थांबली. एक म्हातारा टेपवालिणीच्या पायाशी थुंकला. "तुझं उट्टं निघालं, आमची चूल विझली," तो म्हणाला. तिनं मान खाली घातली.

"चला, खणा कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले.

कुणी हललं नाही. मुकादमिणीनं फावडं जमिनीवर टाकलं आणि खडीच्या ढिगावर बसकण मारली.

"मजुरी थांबली ना साहेब? मग टोळीपण थांबली," ती म्हणाली, आणि आता आवाज पुन्हा रोलरवरून जाणारा होता. "ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी खणावं."

चाळीस माणसं एकेक करून खाली बसली. थुंकलेला म्हाताराही बसला. अध्यक्षांनी सदस्यांकडे बघितलं, सदस्यांनी गाडीकडे. मग सगळे ओव्हरसियरकडे बघायला लागले.

त्यानं कुदळ उचलली. ती कशी धरायची हे त्याला माहीत नव्हतं. पहिला घाव खडीवरून घसरला.

टेपवालिणीनं पाठीवरची मुलगी सोडवली, ढिगावर मुकादमिणीच्या शेजारी जागा करून बसली आणि तिला पाजायला घेतलं. मुलीला भूक लागली होती, ती धसमुसळेपणानं पीत होती. टेपवालीण तिच्या केसांतून सोललेला हात फिरवत समोर बघत राहिली.

"बाई," थोड्या वेळानं तिनं तपासनीस बाईंना हाक मारली, "कडेला नको. रस्त्याच्या मधोमध खणायला सांगा त्यांना, सगळ्यांना नीट दिसेल असं."